एकसष्टचे कोडे आणि पाटण्याचा शिलालेख

एक वर्गसंख्या घ्यायची, तिला ६० ने गुणायचे आणि गुणाकारात १ मिळवायचा. येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्ग व्हायला हवी. असा सर्वांत लहान वर्ग कोणत्या संख्येचा? आठवीतला विद्यार्थीही हे कोडे पाच मिनिटांत सोडवील. १ घेतला तर ६१ येतात, २ घेतले तर २४१, ३ घेतले तर ५४१. यांपैकी एकही वर्ग नाही. पण ४ चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, त्यात १ मिळवून ९६१, आणि ९६१ हा ३१ चा वर्ग. कोडे सुटले. ६० ऐवजी ६२ घेतले तरी फार चालावे लागत नाही. ६२ × ८² + १ = ३९६९ = ६३².

आता मधला ६१ घेऊ. दहापर्यंत जाऊन पाहा, शंभरपर्यंत जा, हजारपर्यंत जा. काही हाती लागणार नाही. लाखापर्यंत नाही, कोटीपर्यंतही नाही. पहिले उत्तर मिळते ते २२,६१,५३,९८० या संख्येला. तिच्या वर्गाच्या एकसष्टपटीत १ मिळवला की

१,७६,६३,१९,०४९

या संख्येचा वर्ग मिळतो. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. दर सेकंदाला एक याप्रमाणे दिवसरात्र संख्या तपासत गेलो, तर या उत्तरापर्यंत पोचायला सात वर्षांहून अधिक काळ लागेल. हे उत्तर भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात दिलेले आहे, आणि त्या ग्रंथाचा काळ इ.स. ११५० च्या सुमाराचा मानला जातो.

अशा वेळी दोन प्रश्न विचारायला हवेत. हे उत्तर त्यांनी काढले कसे? आणि ते खरोखर त्या काळातले आहे, हे आपल्याला कशावरून कळते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागद-पेन्सिलीने मिळते. दुसऱ्याचे उत्तर शोधताना आपल्याला मुंबईतल्या परळ-फोर्टपासून चाळीसगावजवळच्या डोंगरापर्यंत जावे लागेल.

चक्रवालाची वाट

जुन्या ग्रंथांत या प्रकारच्या प्रश्नांना ‘वर्गप्रकृती’ म्हणतात. ज्या संख्येने गुणायचे ती (येथे ६१) ‘प्रकृती’, जिचा वर्ग घ्यायचा ती ‘कनिष्ठ’, मिळवायची ती ‘क्षेप’ आणि शेवटी येणारे वर्गमूळ ते ‘ज्येष्ठ’. म्हणजे

६१ × कनिष्ठ² + क्षेप = ज्येष्ठ²

आणि आपल्याला क्षेप १ हवा आहे.

इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात एक विलक्षण नियम दिला. त्याचे नाव ‘भावना’. अशी दोन त्रिकुटे हाताशी असली, तर त्यांच्यापासून तिसरे तयार करता येते. पहिल्याचा कनिष्ठ आणि दुसऱ्याचा ज्येष्ठ, तसेच पहिल्याचा ज्येष्ठ आणि दुसऱ्याचा कनिष्ठ, असे तिरपे गुणाकार करून बेरीज केली की नवा कनिष्ठ मिळतो. दोन्ही ज्येष्ठांच्या गुणाकारात कनिष्ठांच्या गुणाकाराची एकसष्टपट मिळवली की नवा ज्येष्ठ मिळतो. दोन्ही क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप. आजच्या पद्धतीने अक्षरे घेऊन विस्तार केला तर नियम दोन-तीन ओळींत सिद्ध होतो.

आता ६१ कडे वळू. ६१ च्या जवळचा वर्ग ६४. म्हणून सुरुवात अशी:

६१ × १² + ३ = ८² (कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३)

क्षेप ३ आहे, तो घालवायचा आहे. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. कोणतीही संख्या घ्या, तिच्या वर्गातून ६१ वजा केले की एक क्षेप मिळतो. ७ घेतले तर ४९ − ६१ = −१२, म्हणजे ६१ × १² − १२ = ७². या दोन त्रिकुटांची भावना करू. नवा कनिष्ठ १ × ७ + ८ × १ = १५. नवा ज्येष्ठ ८ × ७ + ६१ = ११७. नवा क्षेप ३ × (−१२) = −३६. म्हणजे

६१ × १५² − ३६ = ११७²

येथे १५ आणि ११७ या दोहोंना ३ ने भाग जातो आणि ३६ ला ९ ने. भाग दिल्यावर उरते

६१ × ५² − ४ = ३९²

सात हीच संख्या का घेतली? कारण ८ मध्ये ती मिळवल्यावर बेरजेला ३ ने भाग जायला हवा, आणि तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ हवा. १, ४, ७, १० या उमेदवारांत ७ सर्वांत जवळचा. अशी पायरी पुन्हा पुन्हा करत गेले की क्षेप लहानच राहतो आणि कधी ना कधी १ वर येतो. चाकासारखी फिरणारी ही रीत, म्हणून तिचे नाव ‘चक्रवाल’.

६१ च्या बाबतीत चाक एकदाच फिरवून पुरते, कारण क्षेप −४ आला की ब्रह्मगुप्ताचीच एक जवळची वाट आहे. कनिष्ठ व ज्येष्ठ निम्मे केले की क्षेप चौथाई होतो: कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२, क्षेप −१. अपूर्णांकांना घाबरायचे कारण नाही, ते लवकरच निघून जातात. या त्रिकुटाची स्वतःशीच भावना केली की कनिष्ठ १९५/२, ज्येष्ठ १५२३/२ आणि क्षेप १ येतो. त्याची पुन्हा मागच्या त्रिकुटाशी भावना केली की अपूर्णांक जातात:

६१ × ३८०५² − १ = २९७१८²

क्षेप −१ आहे, पण स्वतःशी गुणल्यावर तो +१ होईल. शेवटची भावना:

कनिष्ठ = २ × ३८०५ × २९७१८ = २२,६१,५३,९८०
ज्येष्ठ = २९७१८² + ६१ × ३८०५² = १,७६,६३,१९,०४९

आम्ही हा हिशेब यंत्राविना करून पाहिला. वहीचे एक पान पुरते. सात वर्षांचे काम एका पानावर येते. हे उत्तर संख्या तपासत बसून मिळणारे नाही. ज्याने ते लिहिले त्याच्याकडे रीत होती, याची साक्ष ती दहा अंकी संख्या स्वतःच देते.

संख्येचे शेजारी

आता या मोठ्या संख्येकडे थोडे जवळून पाहू. तिचा वर्ग एकोणीस अंकी आहे. साध्या गणकयंत्राच्या पडद्यावर तो मावत नाही. मग उत्तर बरोबर आहे हे वर्गात कसे दाखवायचे? संख्येच्या दोन शेजाऱ्यांकडे पाहून.

१,७६,६३,१९,०४८ = २ × २९७१८²
१,७६,६३,१९,०५० = २ × ६१ × ३८०५²

एका बाजूचा शेजारी एका वर्गाची दुप्पट, दुसऱ्या बाजूचा शेजारी एका वर्गाची एकशे बावीसपट. कोणत्याही संख्येच्या वर्गातून १ वजा केला की तिच्या दोन शेजाऱ्यांचा गुणाकार मिळतो, हे सूत्र मुलांना ठाऊकच असते. म्हणून आपल्या संख्येच्या वर्गातून १ वजा केल्यावर २ × २९७१८² × २ × ६१ × ३८०५², म्हणजेच ६१ × (२ × २९७१८ × ३८०५)² मिळते. कंसातली संख्या हाच आपला कनिष्ठ. एकोणीस अंकी गुणाकार न करता ताळा जुळला.

दुसरा गुण असा. ही संख्या मूळ नाही. तिला १५२३ ने भाग जातो, आणि भागाकार ११,५९,७६३ येतो. १५२३ ही संख्या वाचकांना आठवत असेल. वाटेतल्या एका त्रिकुटाच्या ज्येष्ठात, १५२३/२ मध्ये, ती आली होती. शेवटच्या उत्तरावर वाटेतल्या पायरीची अशी खूण राहिली आहे.

तिसरा गुण व्यवहाराचा. या ज्येष्ठाला कनिष्ठाने भागले की ६१ चे वर्गमूळ मिळते, आणि ते इतके अचूक असते की पहिला फरक दशांशचिन्हानंतर अठराव्या स्थळी पडतो. वर्गमुळे अपूर्णांकांत मांडण्यासाठी वर्गप्रकृतीचा असा उपयोग होतो.

पाचशे वर्षांनंतर तोच आकडा

फेब्रुवारी १६५७ मध्ये फ्रान्समधील पिएर द फर्मा यांनी आपले गणिती मित्र फ्रेनिकल यांना एक पत्र पाठवले. त्यात त्यांनी हाच प्रश्न घातला, आणि फार त्रास पडू नये म्हणून लहान संख्या देतो असे म्हणून ६१ आणि १०९ या दोन संख्या दिल्या. यातला मिस्कीलपणा आता आपल्या लक्षात येईल. शंभराच्या आत ६१ इतका अवघड दुसरा कोणी नाही, आणि १०९ साठी ज्येष्ठ पंधरा अंकी येतो. त्याच सुमारास इंग्लंडमधील गणितींनाही फर्मांनी या प्रश्नाचे आव्हान दिले होते. तेथे लॉर्ड ब्राउंकर आणि जॉन वॉलिस यांनी रीत शोधून काढली. पुढे ऑयलर यांनी गैरसमजाने तिचे श्रेय जॉन पेल यांना दिले, आणि पाठ्यपुस्तकांत ते आजही ‘पेलचे समीकरण’ म्हणून ओळखले जाते.

भास्कराचार्यांनी ६१ निवडला आणि फर्मांनीही ६१ च निवडला. मग फर्मांनी भास्कराचार्य वाचले होते काय? तसा कोणताही पुरावा नाही, आणि तसे मानण्याची गरजही नाही. ज्याला या प्रश्नाची रीत खरोखर कळली आहे, तो समोरच्याची परीक्षा घेण्यासाठी लहान दिसणारी पण सर्वांत छळणारी संख्या शोधणारच. शंभराच्या आत ती ६१ आहे. चाळीसगावच्या डोंगराशी असो वा फ्रान्समध्ये, हा गुण संख्येचा आहे, देशाचा नाही.

परळ, फोर्ट आणि एक दगड

आता दुसरा प्रश्न. बीजगणिताची हस्तलिखिते नकलांवर नकला होत आपल्यापर्यंत आली आहेत. त्यात कोणी नंतर काही घातले नसेल कशावरून? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न अगदी खरा होता.

२६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये सर जेम्स मॅकिन्टॉश यांच्या पुढाकाराने ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. पुढे ज्या वास्तूत हाफकिन संस्था आली, तीच ही वास्तू. कंपनीच्या वैद्यकीय खात्यातील डॉ. जॉन टेलर यांनी केलेले ‘लीलावती’चे इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये मुंबईत छापले गेले. ‘लीलावती’त अंकगणित आहे, चक्रवाल नाही. चक्रवालाचे प्रकरण आणि एकसष्टचे उदाहरण असलेले ‘बीजगणित’ संस्कृतवरून इंग्रजीत आणले कोलब्रुक यांनी, १८१७ साली लंडनमध्ये. युरोपातील गणिती चकित झाले; काहींना मात्र शंका आली. कलकत्त्याचे जॉन बेंटली यांनी तर भारतीय ज्योतिषग्रंथांच्या प्राचीनतेवरच आक्षेप घेतले होते. अशा शंकांना रागावून भागत नाही, पुरावा द्यावा लागतो.

तो पुरावा मांडणारे गृहस्थ मुंबईतले डॉक्टर होते. भाऊ दाजी लाड (१८२२–१८७४) यांचा जन्म गोव्यातला. शिक्षण एल्फिन्स्टन संस्थेत, आणि नंतर ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात, जेथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. रोग्यांना तपासून उरलेल्या वेळात ते शिलालेख, नाणी आणि हस्तलिखिते तपासत. परळला जन्मलेली लिटररी सोसायटी तोवर रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली होती आणि फोर्टमधील टाउन हॉलमध्ये नांदत होती. भाऊ दाजी तिच्या आघाडीच्या संशोधकांपैकी एक होते. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाला १९७५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले; माटुंग्यातील रस्त्यालाही त्यांचे नाव आहे.

१८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भाऊ दाजींचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचा काळ व अस्सलपणा. त्यात त्यांनी चाळीसगावजवळच्या पाटणे येथील देवळातील एका शिलालेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे कीलहॉर्न यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात काळजीपूर्वक संपादित केला.

लेखाचा वर्ष-उल्लेख शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०६-०७ चा आहे. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून येथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले, असे त्यात नोंदले आहे. हे आजोबा म्हणजे भास्कराचार्य. त्रिविक्रमापासून महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर आणि चांगदेवापर्यंतची वंशावळही दगडावर कोरली आहे. लेखाच्या शेवटी दानाचा तपशील येतो तेव्हा भाषा बदलते. बाजारातील कोणत्या उत्पन्नाचा किती वाटा मठाला द्यायचा, हे त्या काळच्या मराठीत लिहिले आहे. व्यापाऱ्याला आणि गिऱ्हाइकाला कळायला हवे होते ना!

आता ताळा पाहू. भास्कराचार्य आपल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त सांगतात की त्यांचा जन्म शके १०३६ चा (इ.स. १११४) आणि ग्रंथ छत्तिसाव्या वर्षी रचला. त्यांच्या ‘करणकुतूहल’ या ग्रंथाची गणिते शके ११०५ (इ.स. ११८३) पासून सुरू होतात. आजोबांचा जन्म आणि नातवाचा मठ यांत ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षांचे अंतर आहे. हिशेब बसतो. ग्रंथ आणि दगड एकमेकांना ओळखत नसताना एकच गोष्ट सांगतात.

दगडावर अर्थातच एकसष्टचे उत्तर नाही. त्यासाठी टीकाग्रंथांकडे जावे लागते. सूर्यदासाने ‘बीजगणिता’वर १५३८ मध्ये टीका लिहिली आणि मूळच्या विदर्भातल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञाने १६०० च्या सुमारास ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली. दोन्ही टीका फर्मांच्या पत्राच्या आधीच्या आहेत. चक्रवालाचे प्रकरण युरोपातून उचलून ‘बीजगणिता’त घातले असेल, ही शंका येथे संपते.

श्रेय किती आणि कोणाचे

पुरावा हाती आला की आणखी एक मोह होतो, पुराव्यापेक्षा मोठे बोलण्याचा. तो टाळायला हवा. चक्रवाल भास्कराचार्यांनी शोधले असे आपण सहज म्हणतो, पण स्वतः ते तसे म्हणत नाहीत. या रीतीला जाणकार चक्रवाल म्हणतात, अशा अर्थाचेच त्यांचे शब्द आहेत. १९५४ मध्ये कृपाशंकर शुक्ल यांनी उदयदिवाकराच्या १०७३ मधील ‘सुन्दरी’ या टीकेतून जयदेव नावाच्या गणितीचे श्लोक प्रसिद्ध केले, आणि चक्रवाल भास्कराचार्यांच्या आधी निदान पाऊणशे वर्षे माहीत होते हे उघड झाले.

दुसरे असे की, चक्रवाल प्रत्येक वेळी १ वर येऊन पोचतेच, याची सिद्धता ‘बीजगणिता’त नाही. वर्ग नसलेल्या प्रत्येक प्रकृतीला उत्तर असतेच, हे प्रथम सिद्ध केले लाग्रांज यांनी, १७६८ च्या सुमारास. चक्रवालाच्याच अंगाने सिद्धता दिली म्हैसूरच्या ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी, १९२९-३० मध्ये. कवी ए. के. रामानुजन यांचे ते वडील. म्हणजे उत्तर मिळवणे एक, ते नेहमी मिळते हे दाखवणे दुसरे. दोन्हींची किंमत मोठी आहे, पण ती एकच नव्हे.

आणि कोडे अजून पुरते सुटलेले नाही. ६० आणि ६२ ला एवढेसे उत्तर, मधल्या ६१ ला एवढे मोठे, असे का? प्रकृती नुसती पाहून तिचे उत्तर किती मोठे असेल हे सांगणारे साधे सूत्र आजही कोणाकडे नाही. हा प्रश्न गाउस यांच्या काळापासून अनिर्णित असलेल्या वर्गसंख्येच्या प्रश्नाशी जाऊन मिळतो. वर्गप्रकृतीच्या कुळातला विषय म्हणजे द्विघाती रूपे. जर्मन गणिती कार्ल लुडविग सीगल यांनी १९५५-५६ मध्ये या विषयावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व्याख्याने दिली होती. तेव्हा ती संस्था गेटवेजवळ होती. कुलाब्याची इमारत नंतरची.

शिक्षकांना आमचे सुचवणे असे. ‘हे सगळे आपल्याकडे आधीच होते’ असे एखादा विद्यार्थी म्हणाला, तर त्याला ‘हो’ही म्हणू नये आणि ‘नाही’ही म्हणू नये. ‘काय होते, कोणाकडे होते आणि कशावरून?’ असे तीन प्रश्न त्याला विचारावेत. एकसष्टच्या बाबतीत तिन्हींची उत्तरे देता येतात. रीत वहीत करून पाहता येते, काळ दगडावरून ताडून पाहता येतो, आणि श्रेयाची वाटणी हस्तलिखितांवरून करता येते. मुलांना करून पाहायला सोपे उदाहरण हवे असेल तर ६७ घ्यावे. भास्कराचार्यांनीही ६१ च्या जोडीला तेच दिले आहे. सुरुवात ६१ सारखीच करावी: ६७ × १² − ३ = ८². ज्येष्ठ ४८,८४२ आणि कनिष्ठ ५,९६७ आला, म्हणजे चाक बरोबर फिरले.